चाळिसातलं एक वटवाघूळ

९ जून
तनुजा लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातच बसली. चाळीस सस्तन प्राण्यांत एकोणचाळीस शहाणे निघाले, एक वटवाघूळ वेडं!

म्हटलं, माझ्या लेखासाठी सोपं करून सांग, शुक्रवारी मजकूर द्यायचाय. "आई, पेशीतल्या तंतुकणिकेचे स्वतःचे थोडे जीन असतात, फक्त आईकडून आलेले. ते वाचून कामाला लावणारी प्रोटीनं मात्र केंद्रकातल्या जीनवरून बनतात. दोन्ही एकमेकांना बसायला हवीत." उंदरापासून देवमाशापर्यंत ही प्रोटीनं कशी बदलत गेली, हा तिचा प्रबंध. या वटवाघळाचं एक प्रोटीन भलतीकडेच गेलंय.

१० जून
तिचे गाइड म्हणाले, "सॅम्पल खराब असेल. वगळ आणि तीस तारखेला सबमिट कर." हिंजवडीच्या कंपनीत ठरलेली तिची नोकरी त्या तारखेवर अडलीय. ती हो म्हणून आली. चेहऱ्यावरून नाही वाटलं.

११ जून
लेख अर्धा. लाइट दोनदा गेली.

१२ जून
आज मजा आली. रंगराव — चाकणला तीस वर्षं पार्ट तपासून रिटायर झालेला माझा नवरा — चहा गाळता गाळता लेकीला म्हणाले, "बुश ड्रॉइंगच्या मापाबाहेर आला म्हणून फेकतेस. तो ज्यावर बसतो तो शाफ्ट मोजलास का?"

"बाबा, हे वटवाघूळ आहे."

"असू दे की. आमच्याकडे एकदा शाफ्टच जाड आले. व्हेंडरने गुपचूप बुशचं भोक वाढवलं. कागदावर दोन्ही रिजेक्ट, बसले मात्र झकास. आधी जोडीचा पार्ट बघायचा."

तनुजा चहा तसाच ठेवून उठली.

तासाभराने हाक आली. तंतुकणिकेच्या बाजूलाही बदल — नेमका ते प्रोटीन टेकतं तिथेच. दोन्ही एकमेकांना धरून बदलली असावीत.

"आमच्याकडे एवढ्यावर इन्सेंटिव्ह मिळायचा," रंगराव.

"एकावर सिद्ध होत नाही, बाबा. याच्या नात्यातली आणखी वटवाघळं तपासावी लागतील. सहा महिने."

तिने भिंतीवरचं कॅलेंडर डिसेंबरपर्यंत उलटलं.

१३ जून
लेख वेळेत गेला. वटवाघळाबद्दल अक्षर लिहिलं नाही — ती तिची बातमी. नोकरीचं मी विचारलं नाही. रंगरावांनीही नाही, आणि ते तर शेजाऱ्याला गाडी लावतानाही सल्ला देतात.

१७ जून
तनुजाने हिंजवडीला फोन केला — डिसेंबरपर्यंत थांबाल का? नाही म्हणाले. तिने आभार मानले, फोन ठेवला आणि शिट्टी वाजवत कांदा चिरायला बसली.