मावशी आणि सोमवारची लिली

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
जुने अभिलेख कार्यालय, पहिला मजला.

अर्जदार : अभिलेखपाल, तळमजला.

विषय : आपल्या टेबलावरील लिली, यादीत तिचा क्रम येण्याची वाट न पाहता, आजच बंद करण्याबाबत.

संदर्भ : १) वनस्पती तपासणी समितीची अकारविल्हे यादी. २) 'मांजरांनी फुलांना तोंड लावू नये' हे परिपत्रक.

महोदया,

१. अर्जदार सविनय निवेदन करतो की, तळमजल्यावरील कागदपत्रांचे उंदरांपासून रक्षण गेली सहा वर्षे एक मांजर करीत आहे. वाघाची मावशी म्हणून सर्व कर्मचारी तिला मावशीच म्हणतात. तिची नेमणूक कोणत्याही आदेशाने झालेली नाही. तथापि ती आल्यापासून एकाही कागदाचा कोपरा कुरतडला गेलेला नाही. स्वतःच्या कामाबाबत इतके ठाम विधान अर्जदारास करता येणार नाही.

२. दुपारी मावशी आपल्या दालनात असते. 'तातडीचे' असे लिहिलेल्या ट्रेमध्ये ती झोपते आणि ती उठेपर्यंत आपण त्यातील एकही कागद काढत नाही, हे सर्व कार्यालयास ठाऊक आहे. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती शेजारच्या फुलदाणीबद्दल. दर सोमवारी अकरा वाजता फुलवाला तिच्यात ताजी लिली ठेवून जातो. लिलीची पाकळी, पान, पराग, इतकेच काय, फुलदाणीतले पाणीही मांजराची मूत्रपिंडे निकामी करते. मावशीची वाटी अर्जदार रोज विसळून भरतो, पण तिचा डोळा असतो तो फुलदाणीतल्याच पाण्यावर.

३. ही बाब अर्जदाराने पाच महिन्यांपूर्वी तोंडी सांगितली, तेव्हा आपण तत्परतेने समिती नेमलीत. समितीने कार्यालयातील व आवारातील झाडाफुलांची अकारविल्हे यादी केली आणि दर महिन्याच्या सभेत एकेक नाव निकाली काढण्याचे ठरवले. पहिल्या सभेत अरेका पाम निरुपद्रवी निघाला. दुसऱ्या सभेत कण्हेर विषारी ठरली व फाटकाबाहेरची कण्हेर मुळासकट उपटण्यात आली. तिथे पहारेकऱ्याचा कुत्रा बसत असल्यामुळे मावशीने ती कण्हेर जन्मात पाहिलेली नाही. तिसऱ्या सभेत गुलाब निर्दोष सुटला, मात्र काट्यांवर तासभर चर्चा झाली आणि चहा दोनदा मागवावा लागला. चौथी सभा जास्वंदीची झाली. अद्याप निवडुंग, मनीप्लांट आणि मोगरा शिल्लक आहेत. लिलीला आधी घ्या, असे अर्जदाराने सुचवले असता समितीचे सचिव, म्हणजे आपले मुख्य लिपिक, म्हणाले, "अहो, एकाला रांगेतून पुढे घेतलं की सगळेच पुढे घुसतात." रांगेत झाडे उभी आहेत, हे अर्जदाराने त्यांना सांगून पाहिले.

४. मधल्या काळासाठी संदर्भातील परिपत्रक निघाले. त्यावर सर्वांच्या सह्या घेण्यात आल्या. मावशीपुढचा रकाना रिकामा राहिल्याने परिपत्रक तीन वेळा परत आले, म्हणून अखेर अर्जदाराने तिच्या वतीने सही केली. त्याचा भंग गेल्या सोमवारी झाला.

५. त्या दुपारी मावशी जिना उतरून आली ती नाकावर केशरी पराग घेऊन. शिपाईमामा म्हणाले, "नटून आल्या बघा बाईसाहेब!" तिने चाटू नये म्हणून अर्जदाराने ओल्या रुमालाने तिचे नाक पुसले आणि फायलींच्या रिकाम्या खोक्यात घालून तिला घेऊन तो दवाखान्यात धावला. पशुवैद्यबाईंनी तिला तीन दिवस सलाईनवर ठेवले. त्या म्हणाल्या, "उद्या आणली असतीत, तर माझ्या हातात काही उरलं नसतं." ते तीन दिवस अर्जदार तिथल्या बाकावर बसून होता. त्याच्या रजेवर 'वैयक्तिक कारण' अशी नोंद आहे आणि ती खरी आहे. अर्जदार एकटा राहतो. तळमजल्यावर त्याच्यापाशी काही काम नसताना येणारी ती एकटीच. तिच्यावर त्याचा जीव आहे. हे वाक्य टिपणीत बसत नसल्यास वगळावे.

६. आज सोमवार. मावशी कामावर रुजू झाली आहे आणि मान्यता न घेताच आपल्या दालनात गेली आहे. सबब विनंती की, फुलदाणीत यापुढे गुलाब ठेवावा. काटे अर्जदार स्वतः काढील. लिलीच हवी असल्यास अर्जदाराचे टेबल फुलदाणी आणि मावशी यांच्या मधोमध, त्याच्या निवृत्तीपर्यंत, मांडण्यात यावे. निवृत्तीस अकरा वर्षे आहेत. अर्जदार बोलका आहे आणि काम करताना गुणगुणतो, याची पूर्वकल्पना देणे तो आपले कर्तव्य समजतो.

७. फुलवाल्यास आज फुलदाणी सापडणार नाही. ती अर्जदाराने सकाळी धुऊन, पुसून स्वतःच्या कपाटात ठेवली व कपाटास कुलूप लावले. हे नियमाला धरून नाही, याची त्याला जाणीव आहे. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याने विनापरवानगी टाचणीही हलवलेली नाही. होईल ती कारवाई त्यास मान्य राहील.

आपला आज्ञाधारक (फुलदाणीपुरता अपवाद),
(सही)
अभिलेखपाल, तळमजला
सोमवार, सकाळी पावणेअकरा

सोबत :
१) पशुवैद्यबाईंचा दाखला.
२) रजेच्या अर्जाची प्रत.
३) कपाटाची किल्ली (जोडलेली नाही).