खालील शब्दांचे अर्थ सांगा

थोरल्या मेहुण्यांस,

सलाम. गुडघे काय म्हणतात? (माझे आहेत, एवढंच.)

चहाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडायचं आणि त्या खडखडीखाली तुमच्या बहिणीचं कुराणपठण संथ वाहत असायचं. पंचेचाळीस वर्षं माझी सकाळ या दोन आवाजांनी उजाडली. मध्येच थांबून ती विचारायची, "अहो, या शब्दाचा अर्थ काय हो?" मी म्हणायचो, "सांगतो निवांत." (मी शाळेत कविता शिकवणारा, अरबी वाचता येई, कळत काडीचं नसे. पण 'मला येत नाही' हे वाक्य मास्तरांच्या तोंडात बसत नाही.) "भावाला विचार, अरबी शिकवण्यात त्यांची हयात गेली," म्हटलं, तर म्हणायची, "मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

तो निवांतपणा आलाच नाही. तिला कब्रस्तानात पोचवून आल्यावर अंगणात तुम्ही म्हणालात, "सगळ्या गावाला कवितांचे अर्थ सांगितलेत मास्तर, हिला एका शब्दाचा नाही!" मी तुम्हाला चालते व्हा म्हणालो. खरं बोललात, म्हणूनच म्हणालो.

पुढे तिच्या चष्म्याच्या घरात घडी केलेला कागद सापडला. वर मथळा, माझ्याच प्रश्नपत्रिकेतला: 'खालील शब्दांचे अर्थ सांगा.' खाली तेवीस शब्द. गुण किती, ते लिहिलं नव्हतं.

म्हणून सत्त्याहत्तराव्या वर्षी अरबीच्या वर्गात नाव घातलं. घशातून काढायच्या एका अक्षराचा घरी इतका सराव केला, की खालच्या मजल्यावरच्या बाई खोकल्याचं औषध घेऊन आल्या. (घेतलं. गोड होतं.) पहिल्या शब्दाच्या अर्थाचं मी चार ओळींचं कडवं रचलं, तर वर्गाच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, अर्थ विचारलाय, तुमची हौस नाही." तेव्हापासून साधं लिहितो. रोज सकाळी आधण ठेवतो, झाकण खडखडलं की तिच्या खुर्चीकडे बघून एक अर्थ मोठ्यानं वाचतो. बावीस झाले.

उरला 'सकीना'. ती हृदयात वरून उतरवली जाते, असं कुराणात आहे. 'शांतता' लिहून पाहिलं. पण शांतता घरात आता पोतंभर आहे, आणि ती ही नव्हे.

आपला,
मास्तर

ता. क. १ : तेवढा एक अर्थ कळवावा.

ता. क. २ : अर्थ शब्दकोशात आहे, मी पाहिलाय. तुम्ही या. तेविसावा मला एकट्यानं वाचवत नाही.

ता. क. ३ : दार वाजतंय. खिडकीतून पाहिलं, तर तुम्ही! न बोलावता, आठ महिन्यांनी, बगलेत जाडजूड शब्दकोश, आणि वर ओरडताय, "उघडा मास्तर, गुडघे गेले!" आलो. पत्र आता टपालात टाकत नाही, हातातच देतो. मी चहा ठेवतो. झाकण खडखडेपर्यंत बाहेर बसून वाचून काढा. एवढं सगळं मला तोंडानं सांगता यायचं नाही.