कोन, मोजणी आणि शेणव्याची लाईट

२ नोव्हेंबर, रविवार
पळतंय! आज पुन्हा पळालं. जुन्या पद्धतीला अख्खी दुपार लागते तिथे माझी पद्धत चहा उकळेपर्यंत तळाला.
धंदा तसा सोपा. क्वांटम सर्किटमधले कोन फिरवायचे, रेणूची ऊर्जा मोजायची, परत फिरवायचे, परत मोजायची, ती कमीत कमी होईपर्यंत. लोक सगळेच कोन घोळवत बसतात. मी आधी ज्यांनी ऊर्जा खरोखर हलते तेवढेच पकडते, बाकीच्यांना तूर्त हात लावत नाही. इतकं साधं की आधी कुणाला सुचलं कसं नाही, याचीच धास्ती.
पीएच.डी.च्या गाईड सरांना आलेख पाठवला. मग उगीच घरभर फेऱ्या. दोनदा तोच डबा पुसला.

४ नोव्हें., मंगळ.
मुरबाडला कॉलेजात. स्टाफरूममध्ये सरांचा फोन. "पुढच्या शनिवारी, पंधराला, मुंबईत कार्यशाळा आहे. माझ्या जागी तू बोल. नाव देऊन टाकलंय."
वर हेही, की पीएच.डी.च्या मुदतवाढीची शिफारस ते त्या भाषणानंतर लिहिणार. शेवटची मुदतवाढ. मिळाली तर मिळाली, नाहीतर इतकी वर्षं पाण्यात, आणि मी जन्मभर बारावीला भिंग शिकवणार.
तास सुरू झाला. भिंगाचं सूत्र उलटं लिहिलं. पोरं हसली. त्यांच्याबरोबर मीही.

५ नोव्हें., बुध.
प्र. आसनगावहून कामावरून येताना इन्व्हर्टर घेऊनच आला. मला विचारलं नाही. "शनवारपर्यंत तुझं मशीन एक मिनिट बंद पडणार नाय," म्हणाला. नवरा म्हणून इतका रुबाब लग्नातही केला नव्हता. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, आमच्या शेणव्यात दिवसातून चार वेळा लाईट जाते नि माझं काम अर्धवट राहतं, हे त्याने मनावर घेतलं होतं. भरून आलं. तोंडाने मात्र म्हटलं, हे धूड कशाला ठेवलंस दारात, पाय अडखळतोय.
सासूबाई बॅटरीकडे बघत: "ह्याला पानी पाजावं लागतं का गो?" लागतं म्हटलं. "मंग म्हशीवानीच झाला."

७ नोव्हें., शुक्र.
काहीतरी बिनसलंय. तोच रेणू, तोच कोड, आणि बैलगाडी. जुन्या पद्धतीइतकाच वेळ. लॅपटॉप तापतोय का? खाली दोन वाट्या लावल्या. फरक नाही.
इन्व्हर्टरच्या विजेनं काही होत असेल का? भौतिकशास्त्र शिकवते मी, आणि हे लिहितेय.

९ नोव्हें., रवि.
आज आमच्या खळ्यावर भाताची झोडणी. आपल्याकडे मजूर नसतात, आज शेजारणी आमच्याकडे, उद्या आम्ही त्यांच्याकडे. यंदा सासूबाईंनी मला सोडवून घेतलंय. सगळ्यांना सांगितलं, "सूनबायचा मुंबईला भाशान हाय. तिच्या वाटचा मीच झोडीन." बाईचे गुडघे वाजतात आणि ती माझ्या वाटणीचे भारे आपटतेय, चार-चार खळ्यांवर. मी खिडकीत बसून आकडा खाली सरकायची वाट बघतेय.
सरकत नाही.
शेवटी उठून गेले, पदर खोचला, दोन भारे आपटले. "जा गो आत, आमी हाव ना!" हाकलून दिलं. आत येऊन रडले. भाताची कुसं डोळ्यांत गेली असं सांगितलं.

१० नोव्हें., सोम.
सापडलं.
सापडलं नसतं तर बरं झालं असतं.
लाईट जाते म्हणून मीच कोडमध्ये सोय करून ठेवली होती. दर थोड्या वेळाने कोन जपून ठेवायचे, मशीन परत सुरू झालं की तिथूनच पुढे. कोन जपले. फेऱ्यांची आणि वेळेची मोजणी जपायची राहिली. म्हणजे लाईट आली की कोन अर्ध्या वाटेवर आणि मोजणी शून्यावर! जितक्या वेळा शेणव्याची लाईट गेली तितकी मी वेगवान. जुनी पद्धत मोजली सरांच्या लॅबमध्ये. तिथे लाईट जात नाही. इन्व्हर्टर आल्यापासून इथेही नाही.
मुंबईत बसून ही चूक कुणी करूच शकलं नसतं. हसू येतंय, आणि शनिवार पाच दिवसांवर.

११ नोव्हें., मंगळ.
प्र.ला सांगितलं. तो इन्व्हर्टरकडे वळला. "म्हणजे ह्यो आणला नसता तर...?" म्हटलं, तर शनिवारी भर सभेत खोटं बोलून आले असते, तेही छातीठोक. "मंग बरा झाला ना," म्हणाला, पण चेहरा उतरला होता. त्याने कामावर सगळ्यांना सांगून ठेवलंय.
सरांना फोन. सगळं सांगितलं. मग, "आता कार्यक्रम छापून गेला. शनिवारी जुना आलेख दाखव. वीस मिनिटांत कोण खोलात जातंय? पेपर लिहिताना दुरुस्त करू."
सर वाईट नाहीत. थकलेत. त्यांनाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचंय. त्यांनीच मला हा विषय दिला, दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं तेव्हा. म्हणून तर चिडता येत नाही, आणि चिडता येत नाही म्हणून जास्त तडफड.

१२ नोव्हें., बुध.
रजा टाकली. मोजणी दुरुस्त करून सगळं नव्याने. लहान रेणूवर माझी पद्धत अजूनही जराशी पुढे. खरंच पुढे, तीनदा तपासलं. मोठ्यावर बरोबरी. सगळ्यात मोठा चालू आहे, शनिवारच्या आत संपणार नाही.
जराशी पुढे! एवढ्यावर कोण मुदतवाढ देतं?
जुना आलेख किती देखणा दिसतो. दहादा उघडला. दाखवावा का? एकदाच. मग पेपरात दुरुस्त...
जेवले नाही. सासूबाई ताट घेऊन दारात. "मशीन नाय चालला तर तू पन उपाशी? खा आधी." सगळं सांगितलं त्यांना, कोन-बिन सोडून. म्हणाल्या, "मी तर सांगून बसले गो साऱ्यांना. आता तुज्या मनाला काय वाटतं ता कर. मला नको विचारू." रागावल्या का? कळलं नाही. ताट ठेवून गेल्या.

१३ नोव्हें., गुरु.
सरांना परत फोन. "जुना आलेख मी दाखवू शकत नाही, सर."
"मग बोलणार काय?"
"वेग कुठून आला ते."
म्हणाले, "बघू." सरांचं बघू म्हणजे हो की नाही, मला आजवर उमगलेलं नाही.
बसून भाषण नव्याने लिहिलं. कार्यक्रमात शीर्षक तेच, 'कोन झटपट जुळवण्याची नवी पद्धत'. त्यातलं झटपट डोळ्यांत खुपतंय. संध्याकाळी आयोजकांना मेल केली, सरांना न विचारता: शीर्षक बदला, 'कोन जुळवण्याचा वेग: एक फसलेली तुलना'. सरांना प्रत. पाठव दाबलं आणि लगेच वाटलं, केलं काय मी हे. मुदतवाढ त्यांच्या सहीवर आहे.
फोन वाजतोय. सरच. मेल मागे घेणार नाही. उचलते.