देवाकडचा वशिला

रवि., ९ फेब्रु.
आज उपासनेत पाळकांनी कहर केला. म्हणे, "प्रभू येशू हा देवाकडचा आपला वशिला." वशिला! चर्च आहे की तहसील कचेरी? बाहेर पडताना सुनावलंच, "मध्यस्थी म्हणा. मराठी एवढी गरीब नाही." हसले. "बाई, ज्यांचं वजन आहे त्यांनी मध्यस्थी म्हणावं. आमच्यासारख्यांना वशिलाच लागतो."
उद्धट. निवृत्त झाले तरी मुख्याध्यापिका आहे मी. अजून डोकं तापलेलं.

मंगळ., ११ फेब्रु.
लक्ष्मी माझ्याकडे आणि धाकट्या बहिणीकडे, विमलकडे, दोन्हीकडे धुणंभांडी करते. आज पातेलं घासता घासता म्हणाली, "मोठ्या बाई, तुमच्या भनीला झटका आला की. उजवं अंग गेलं, बोलनं बी. आता घरी आनलंय."
कधी? "आठ दिस झालं."
आठ दिवस! आणि मला आज सांगतेस?
"तुमीच म्हनला व्हता, त्या घरचं नाव काढू नको."
म्हटलं होतं खरं.

शुक्र., १४ फेब्रु.
नऊ वर्षं झाली. विमल शाळेत आली होती, माझ्या ऑफिसात, पर्स मांडीवर घट्ट धरून. तिच्या लेकीचा, सुनीताचा, शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज. "ताई, सेक्रेटरींकडे एक शब्द टाक." मी शिपायासमोर म्हणाले, "वशिल्याच्या मास्तरणी मला नकोत."
पोरगी बी.एड.ला पहिली आली होती. नुसतं खरं सांगायचं होतं. तेवढंही सांगितलं नाही. जागा दुसऱ्याच कुणाच्या शब्दावर भरली. सुनीता चादरींच्या कारखान्यात पॅकिंगला लागली, विमल माझ्याशी बोलायची थांबली.
आणि मी तत्त्व म्हणून मिरवलं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिस्त शिकवली, असं सांगत फिरले. दयाही शिकवली होती त्यांनी. तो तास मी बुडवला असावा.

रवि., १६ फेब्रु.
प्रार्थनेला बसले. जमेना. विमलसाठी मागायला तोंड उघडलं तर "हे प्रभू, त्या वेळी परिस्थिती अशी होती की..." देवापुढेही खुलासा!
उपासनेनंतर पाळकांना गाठलं. सगळं सांगितलं. रडले नाही. ते म्हणाले, "मागता येत नसेल तर राहू द्या, बाई. प्रभू मागतोच आहे तुमच्यासाठी. त्यांच्यासाठीही. थांबलेला नाही."
माझी लायकी नसताना?
"लायकी असती तर वशिला कशाला लागला असता?"
या वेळी शब्द खटकला नाही. घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या. मंगळवारनंतर पहिल्यांदा पोटभर.

मंगळ., १८ फेब्रु.
लक्ष्मीला विनवलं. मी! म्हटलं, सुनीताला विचार, मावशी आली तर चालेल का. लक्ष्मी कमरेवर हात ठेवून, "म्हंजी म्या वशिला लावू व्हय?"
लाव, बाई.
मग हात पदराला पुसले. "येक सांगू? धाकट्या बाई रोज हात जोडून बसायच्या, तवा तुमचं नाव घ्यायच्या. पैलं तुमचं, मग पोरीचं. मला वाटायचं शिव्याच देत्यात."
नऊ वर्षं. मी न मागता. आणि मी तिच्यासाठी एक शब्द—

गुरु., २० फेब्रु.
गेले. भवानी पेठेतला तोच अरुंद जिना. दार सुनीताने उघडलं. "या" म्हणाली नाही, "जा"ही म्हणाली नाही. बाजूला झाली.
विमल खाटेवर, तोंड एका बाजूला ओढलेलं. मी उभ्या उभ्याच बोलले. चूक माझी, तुझ्या लेकीची जागा माझ्या ताठ्यापायी गेली. घशातून काहीतरी आवाज काढला तिने. दोनदा. मी सुनीताकडे पाहिलं.
"आम्हालाबी कळत नाही ती काय म्हणते."
निघताना विचारलं, "उद्या येऊ का गं?"
"मला काय विचारता मावशी? आईला विचारा की."
विचारलं. विमलने डाव्या हाताने चादर तोंडावर ओढून घेतली.
लहानपणी रुसली की असंच करायची. हसू दाबायचं असलं तरीही.