उत्तरेकडची खिडकी प्रणिताच्या नावे

मी, श्रीमती माणिक चंद्रहास कारखानीस, वय बहात्तर, राहणार आलमबाग, लखनौ, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहवून घेत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. नजर ठिकाणावर नाही, म्हणून अक्षर आमचे जुने स्नेही नरहरभाऊ यांचं आणि बोलणं माझं. मध्ये मध्ये ते "ताई, हे कायद्यात बसत नाही" असं म्हणतात. बसत नसेल तर उभं राहू दे, पण लिहा.

१. राहतं घर. माझे यजमान मानक नगरला रेल्वेत इंजिनिअर होते. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी हे घर बांधलं आणि माझ्या नावावर केलं. ते माझा मुलगा सत्यजित आणि सून प्रणिता यांना निम्मं निम्मं. बँकेतल्या ठेवी सत्यजितला. त्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही.

२. उत्तरेकडच्या खिडकीची खोली मात्र वाटणीतून वगळली आहे. ह्या खोलीत मी लखनौच्या नवरीमुलींचे फोटो काढत आले. दिवा नाही, फ्लॅश नाही, नुसता खिडकीतला उजेड. खिडकीला यजमानांचं जुनं धोतर बांधायचं, म्हणजे ऊन चाळून येतं. सुरुवातीला हौसेने चिकनकारीच्या भरतकामाचा पडदा लावला होता, तर त्यातली फुलं नवरीच्या गालावर उमटली. नऊवारीतल्या असोत की लहंग्यातल्या, नवऱ्या इथे स्टुलावर बसल्या की आपोआप हळू बोलायला लागत. सत्यजितला ह्या खिडकीत एसी बसवायचा आहे. बसवायचा नाही. खोली एकट्या प्रणिताची. तिला वाटलं तर ती लोणच्याच्या बरण्या ठेवील, कुणी एक शब्द बोलायचा नाही.

३. शेजारचे नरेंद्रजी. ह्यांची भिंत पांढरी होती तोवर तिच्यावरून उजेड माझ्या खिडकीत यायचा. गेल्या दिवाळीत त्यांनी ती पोपटी केली. "भाभीजी, अच्छा लग रहा है ना?" काय अच्छा, डोंबल! नवऱ्या कावीळ झाल्यासारख्या दिसायला लागल्या. माझ्या पश्चात त्यांना पांढऱ्या रंगाचा डबा भेट द्यावा.

४. माझी सांगलीची जाऊ कल्पना. "फोटो काढणं हे काय बाईमाणसाचं काम," असं ही माझ्याच घरी, माझ्याच हातची पुरणपोळी खात म्हणाली आणि शिवाय निघताना मला फ्लॅश भेट देऊन गेली. तो न उघडलेल्या खोक्यात कपाटावर आहे. तिचा तिला परत करावा.

५. कॅमेरा, त्याचं तीन पायांचं तिकाटणं आणि लेन्स. लेन्स यजमानांची, हाताने फिरवून फोकस करायची. आपोआप फोकस करणाऱ्या लेन्सला मी आयुष्यभर नावं ठेवली. ह्या तिन्ही वस्तू प्रणिताला. का, ते आता सांगते. नरहरभाऊ, पाणी प्या आणि लिहा.

लोक म्हणत, माणिकताईंचे फोटो म्हणजे डोळ्यांतलं पाणीसुद्धा दिसतं. मी मान डोलवायची. प्रणिता मदतीला असायची, स्टूल ठेवायची, कॉम्प्युटरवरचं काम करायची. मी तिला "मोबाईलवाली" म्हणायची. तिला एक खोड होती, फरशीवर टिकल्या चिकटवायची. स्टुलापाशी टिकल्या, तिकाटण्यापाशी टिकल्या. मला वाटायचं, आरशाला लावतात तशा ही जमिनीला लावते. कितीदा बोलले. "जी आई," म्हणायची आणि टिकल्या तिथेच.

ह्याच मार्गशीर्षात शर्वरीचा फोटो होता. बख्शी का तालाबच्या हवाई तळावरच्या मराठी अधिकाऱ्याची मुलगी, पैठणी, मुंडावळ्या, हिरवा चुडा. नवरीच्या पायाखाली टिकली येणं अशुभ, म्हणून आदल्या संध्याकाळी मी फरशी चाचपून सगळ्या टिकल्या सुरीने खरवडून काढल्या. लेन्सला कुठलीशी चिकटपट्टी होती, तीही ओढून काढली. केवढं समाधान वाटलं मला!

फोटो आले ते सगळे अंधूक. एकही धड नाही. शर्वरीची आई आली आणि जाब विचारायला लागली, तेव्हा तिच्यादेखत मी प्रणिताला म्हणाले, "हात आहेत की फावडी? स्टूल हलवलंस ना? एका मुलीचा आयुष्याचा दिवस नासवलास!"

प्रणिताने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्या बाईंना तिच्या नेहमीच्या लखनवी हिंदीत म्हणाली, "हाँ काकू, मुझसे ही हिल गया होगा. माफ कीजिए."

आठवड्याने मी डॉ. शर्मिष्ठांकडे चष्म्याचा नंबर बदलायला गेले. त्यांनी तपासलं, पुन्हा तपासलं. म्हणाल्या, "आंटी, बीच का तो आपको बरसों से ठीक नहीं दिख रहा. फोटो कैसे खींचती थीं?"

घरी येऊन सत्यजितला विचारलं. त्याने हातातला मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाला, "आई, टिकल्या कशाला होत्या असं वाटलं तुला? स्टूल आणि कॅमेरा टिकलीवर ठेवला की अंतर चुकत नव्हतं. फोकस ती आधीच लावून पट्टी मारायची. तू ते सगळं काढलंस, मग त्या दिवशी तिला स्टूल अंदाजानेच ठेवावं लागलं. तुला कळू नये म्हणून धडपडायची यार ती, तू खचशील म्हणून."

मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे कौतुक मी मिरवलं ते तिचं होतं, आणि शिव्या माझ्या होत्या त्या तिने घेतल्या. त्या दिवसापासून प्रणिता खिडकीच्या खोलीत पाऊल ठेवत नाही. चहा देते, औषध देते, "जी आई" म्हणते. दारापर्यंत येते आणि वळते. मी रोज ठरवते, आज बोलायचं. ती समोर आली की चहात साखर कमी आहे म्हणते. बहात्तर वर्षांच्या बाईला सुनेची माफी मागायची लाज वाटते, ह्याचीही मला लाज वाटते.

६. शर्वरीच्या आईला काल फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग माणिकताई, त्या पोरीला का बोललात हो?" शर्वरी माहेरी येईल तेव्हा पुन्हा पैठणी नेसून ह्या खिडकीत बसायला तयार आहे. फोटो प्रणिता काढील की नाही, हे प्रणिताच्या मनावर. मी सक्ती करणारी कोण?

७. दारावरची माझ्या नावाची पाटी काढायला मी मरेपर्यंत थांबू नये. ती उद्याच उतरवावी.

८. हे वाचून दाखवताना दार उघडं ठेवावं आणि नरहरभाऊंनी आवाज चढवून वाचावं. प्रणिता स्वयंपाकघरात आहे. मी मेल्यावर तिला हे कळलं, तर ती माफी कसली, तो पळपुटेपणा झाला. प्रणिता, चुकले गं मी.

ठिकाण: उत्तरेकडची खिडकी, आलमबाग, लखनौ
दिनांक: २८ जानेवारी २०२५, सकाळी, उजेड चांगला असताना

सही: माणिक चंद्रहास कारखानीस

साक्षीदारांची नोंद: वरील मजकूर आम्ही दार उघडं ठेवून मोठ्याने वाचून दाखवला. माणिकताईंना तो समजला व मान्य आहे. वाचन चालू असताना सौ. प्रणिता दाराशी येऊन उभ्या राहिल्या. ताईंना सहीची जागा दिसेना, पेन कागदाबाहेर जाऊ लागलं. तेव्हा सौ. प्रणिता खोलीत आल्या, कपाळाची टिकली काढून सहीच्या जागी लावली आणि म्हणाल्या, "आई, यहाँ." ताईंनी टिकलीवर बोट ठेवून शेजारी सही केली. त्या वेळी ताई रडत होत्या, परंतु पूर्ण शुद्धीवर होत्या. कागदावरची टिकली खाडाखोड समजू नये. ती कुणीही काढू नये.

साक्षीदार १: नरहर विश्वास टिपणीस, निवृत्त बँक अधिकारी (लेखन यांच्याच हातचे)
साक्षीदार २: डॉ. शर्मिष्ठा मिश्रा, नेत्रतज्ज्ञ