तिरपा पण भाग जातो

जयेश,

डाळ-भात कुकरमध्ये आहे, मासे तळून झाकून ठेवलेत. मी आणि आई मानपाड्याला त्यांच्या रात्रशाळेच्या बाईंकडे चाललोय. काल तुझं बोलणं ऐकून आईंनी दहावी सोडली आणि आज सकाळी पुस्तकं बाईंना परत देऊन आल्या. तीच आणायला जातोय.

दुपारी मी सहज एक गणित घातलं, १८/३५ गुणिले १४/२७. आईंनी गुणाकार केला, २५२/९४५ आले, एवढ्या मोठ्या आकड्यांना भाग कशाने जातो ते कळेना आणि नेहमीसारखी त्यांनी पेन्सिल टाकली. मी म्हटलं, "गुणायच्या आधी बघा, वरच्या आणि खालच्या आकड्याला एकाच आकड्याने भाग जातो का." त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"तिरपा पन चालल का गो?"

"चालेल की!"

मग अठरा आणि सत्तावीसला नवाने भागलं, चौदा आणि पस्तीसला साताने. वर राहिले दोन-दोन, खाली पाच आणि तीन. उत्तर ४/१५! "मना जमला!" असं इतक्या जोरात ओरडल्या की शेजारच्या गोदाकाकी धावत आल्या. मग त्यांनाही शिकवलं.

आता परीक्षेला बसणारच म्हणतात. घरी आल्यावर "या वयात कशाला" म्हणू नकोस. गणित कसं सोडवलं ते विचार, आणि येत असलं तरी शेवटपर्यंत ऐक.

वर्षाली