दसऱ्याला निजवलेला संगणक

बाई, दसऱ्याला बिघडलं आणि आता तुळशीची लग्नं आली, तरी तुम्हाला कळवलं नाही. उशीर झाला, माफ करा. वाईट बातमी चार दिवस थांबवली तर ती आपोआप थोडी सुधारेल असं मला वाटतं, स्वभावच तसा. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्या खोलीतला संगणक मी चालू ठेवला होता. जेटीवरच्या पट्टीवर भरतीचं पाणी कुठवर चढलं ते बघायचं आणि येऊन त्यात भरायचं. समुद्र खरंच वर सरकतोय का, हे तुम्हाला बघायचं होतं. आता तो संगणक उठत नाही.

सातवी शिकलेल्या माणसाला तुम्ही त्याच्यासमोर बसवलंत, तेव्हा मी घाबरलो होतो. ही सिस्टीम परदेशातल्या संशोधकांनी स्वतःच्या अभ्यासासाठी केलेली, बाजारात मिळत नाही, असं तुम्ही म्हणालात आणि माझी भीती दुप्पट झाली. माऊसला तीन बटणं, मधलं चुकून दाबलं तर भलतंच व्हायचं. पहिल्याच आठवड्यात आकडे भराभर वर सरकत होते ते पडद्यावरची खिडकी भरल्यावर एकदम थांबले. मी ओरडतो, बाई, बंद पडलं. तुम्ही स्वयंपाकघरात कोकमाची सोलं पिळताय. तसेच लाल हात घेऊन बाहेर येता, बघता आणि मला झापता, "मेल्या, बंद खंय पडलां? तुझां वाचून होयसर थांबलां आसा. पुढे सरकव म्हणजे सरकात." दुसरे संगणक न विचारता धावत सुटतात, हा माणसासाठी थांबतो, म्हणालात. मग कोपराने खालच्या बाणाची कळ दाबलीत आणि आकडे पुन्हा चालू झाले.

दुसरी गंमत मला त्याहून आवडायची. एकदा माझ्या हातून महिन्याभराच्या नोंदी पुसल्या गेल्या. मी पायरीवर जाऊन बसलो, जेवलो नाही. तुम्ही बोलावून घेतलंत, काहीतरी टाइप केलंत, आणि समोर कालचा दिवस जसाच्या तसा उभा राहिला. हा रोज आपली प्रत ठेवतो, ह्याच्यात काल पुसला जात नाही, म्हणालात. त्यानंतर कितीतरी दिवस मी काम संपल्यावर उगाच मागच्या एखाद्या दिवसात जाऊन यायचो. सगळं असायचं. एकच अट तुम्ही घातली होती. बंद करण्याआधी थांबण्याची आज्ञा द्यायची, त्याला हातातलं सगळं आत ठेवू द्यायचं, मगच बटण. दिवे जायचे म्हणून बॅटरी बसवली, तीही मी जपली.

दसऱ्याला आपण त्याची पूजा करायचो, तशी मी दरवर्षी करतो. आज्ञा देऊन त्याला निजवायचं, मग हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. यंदा मी फुलं आणायला बाजारात गेलो होतो. माझ्या घरकारणीने, बायकोने, तुमची खोली झाडली, संगणक चालू दिसला, तिने बॅटरीसकट सगळ्या वायरी उपटून तो पुसून चकचकीत केला. मी आल्यावर माझं तोंड बघून म्हणाली, "असां काय बघतास? दसऱ्याक कोण होडी पाण्यात घालता? एक दिस तरी त्येका निजान दी." तिचं काय चुकलं? आमच्याकडे त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी चालू केला, तर मूळ साठा सापडत नाही अशी ओळ आली आणि पुढे काहीच नाही. मी खालचा बाण दाबतो. माझ्या वाचण्यासाठी थांबला असेल म्हणून ती ओळ मोठ्याने वाचून दाखवतो. कागदावरच्या नोंदी मागेच वाळवीने खाल्ल्या, म्हणजे होतं ते सगळं ह्यातच.

कुडाळहून दुरुस्तीवाला आणला. त्याने बराच वेळ बघून डोकं खाजवलं. "आजोबा, ह्यां खंयचां? माका ह्येच्यातलां काय एक ओळखीचां दिसणा नाय. सगळां पुसून विंडोज घालून देतंय, नातू गेम खेळतले." मी त्याला चहा पाजून परत पाठवला. तुमच्या भाच्याने घर विकलंय. सोमवारी तो टेम्पो घेऊन येतोय. त्याने पुण्यातल्या एकदोघांना विचारलं, तेही आत काही उरलं असेल असं म्हणत नाहीत. संगणक पुसून वाचनालयाला देऊया म्हणतो, पोरांना उपयोग होईल. पण चांगला आहे हो तो. म्हणाला, "काका, तुम्ही हो म्हणालात तरच. नाहीतर माझ्या घरी नेऊन ठेवतो."

ठेवून तरी काय होणार, हे मला कळतं. उघडणारा कोणी नाही आणि मला आता जेटीची पायरी चढवत नाही. तरी आत तुमचे दिवस असतील, फक्त वाट सापडत नसेल, असं वाटत राहतं. हे पत्र पोस्टात टाकायला पत्ता नाही, उशीखाली ठेवीन. खरं सांगू, बाई, त्या संगणकाला मी तुमच्याशिवाय कधी स्वतःच्या मनाने एक आज्ञा दिली नाही. तुम्ही शिकवलेल्याच द्यायचो. पुसा म्हणून सांगू की नको, एवढंच कळवा. सोमवारच्या आत कळवा.